गोळ्या मोजत कॉमिक वाचा

साहित्य थोडंच लागतं. लष्करी चकमकीच्या कॉमिकचा एक अंक, शिसपेन्सिल, मधोमध रेघ मारलेला कोरा कागद आणि जमल्यास एक निवृत्त फौजी. सातारा-सांगलीकडे फौजी शोधत हिंडावं लागत नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लावतं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. कागदावर डावीकडे ‘उणं’, उजवीकडे ‘जमलं’ असं लिहून ठेवा.

१. पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून अंक एका बैठकीत वाचा. पान उलटायची घाई झाली का, एवढंच पाहा. झाली असेल तर उजवीकडची पहिली नोंद तीच. घाई झालीच नसेल, तर बंदुकांची चित्रं अचूक असून उपयोग काय?

२. आता फुगे हाताने झाकून नुसती चित्रं पाहा. कागदाच्या पाठीमागे जागेचा नकाशा काढायचा प्रयत्न करा: नाला कुठे, टेकडी कुठे, आपली तुकडी चढावर की उतारावर. शत्रू आधी डावीकडे होता आणि पुढच्या चौकटीत उगाच उजवीकडून गोळ्या झाडतोय, तर ते उणं. अजिंक्यतारा पायी चढलेल्या पोराला सांगावं लागत नाही की चढावरून पळत येणारा माणूस धापा टाकतो. चित्रात तो धापा टाकतोय का, पाहा.

३. गोळ्या मोजा. या पायरीला वेळ द्या, कारण बहुतेक अंक इथेच उघडे पडतात. मॅगझिन एकदाही न बदलता नायक चार पानं गोळीबार करत राहतो. याच्याशेजारी खरा प्रसंग ठेवून पाहा. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच हाणलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. चित्रकाराला यापेक्षा चांगलं काय हवं? नळी धरलेला हात ही एक चौकट दहा ‘धडाडधूम’ना पुरून उरते. तुमच्या अंकात नायकाकडे काहीतरी संपतं का? गोळ्या, पाणी, उजेड, काहीही. संपत असेल तर उजवीकडे ठळक लिहा.

४. जखमी माणसाचं बोट धरून पुढे चला. पानाच्या तळाशी पडलेला शिपाई पुढच्या पानावर कुठे आहे? सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे गोळी लागल्यावरही गोष्ट सात वर्षं चालूच होती. अर्थात छोट्याशा अंकाकडून इस्पितळाची अपेक्षा करू नये, तो अन्याय होईल. एक स्ट्रेचर, मागे वळून पाहणारा एक सोबती, एवढ्याने भागतं.

५. शत्रूच्या तोंडचे फुगे वाचा. तो फक्त किंचाळत आणि मरत असेल तर नायकाची बहादुरीही स्वस्त होते. ही नोंद एका ओळीत आटपा.

६. शेवटी अंक फौजीच्या हातात द्या. ‘कसा वाटला?’ विचारू नका. सुभेदारसाहेब भिडेखातर ‘छान आहे की’ म्हणतील. शेजारी बसून नुसतं पाहा. ज्या चौकटीला ते हसले, तिच्या कडेला बारीक फुली करा. ज्या पानावर ते जरा जास्त थांबले, तिथे टिंब. घरी येऊन फुल्या-टिंबं आपल्या दोन रकान्यांशी ताडा आणि जिथे जुळत नाहीत, त्या चौकटी पुन्हा वाचा. पेन्सिल हलकीच चालवा, अंक नंतर कुणालातरी वाचायचा असतो.