मुकुर्तीची मोहीम: डोंगरातील राष्ट्रीय उद्यानाला भेट देण्यापूर्वीचे नियोजन

छात्रांनो, सुट्टीत चेन्नईहून निलगिरीकडे जाण्याचे बेत दरवर्षी होतात. तिकिटे काढली की नियोजन झाले, असे अनेकांना वाटते. नकाशावाचनाच्या तासाला आपण जे शिकतो, तेच इथे लावायचे आहे: आधी उद्दिष्ट, मग भूमी, हवामान, वेळ आणि शेवटी साधने. उदाहरणासाठी मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान घेऊ.

१. उद्दिष्ट
निलगिरीच्या पश्चिम कडेला ७८.४६ चौरस किलोमीटरचे हे उद्यान आहे. १९८२ मध्ये ते अभयारण्य झाले आणि १९९० मध्ये राष्ट्रीय उद्यान. निलगिरी ताहर या डोंगरी प्राण्याला राखणे हा त्याचा मुख्य हेतू. ताहर हा तमिळनाडूचा राज्यप्राणी. मुकुर्ती शिखर २,५५४ मीटर उंच आहे; आपले कळसूबाई १,६४६ मीटर. डोंगररांग तीच, पश्चिम घाट. पण इथे कातळकड्यांच्या जोडीला गवताळ माळ आणि दऱ्यांत दडलेली शोला वने आहेत. आपण पाहुणे आहोत, हे उद्दिष्टातच लिहावे: ताहर दुरून पाहणे, माग न काढणे, काहीही मागे न ठेवणे.

२. परवानगी
मुकुर्ती हे तिकीट काढून फिरण्याचे ठिकाण नव्हे. वनविभागाची पूर्वपरवानगी लागते आणि ठरलेल्या वाटेवरच चालावे लागते. ती न मिळाल्यास पर्यायी योजना तयार असावी. २०२४ पासून ‘ट्रेक तमिळनाडू’ या सरकारी योजनेत राज्यातील चाळीस वाटा मार्गदर्शकासह ऑनलाइन आरक्षणाने खुल्या झाल्या आहेत. त्यांतील एखादी निवडता येते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या पालकांना निलगिरी जिल्ह्यात शिरण्यासाठी मे २०२४ पासून ई-पास लागतो.

परवानगी म्हणजे केवळ कागद नव्हे. ११ मार्च २०१८ रोजी थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांत चेन्नईहून गेलेले तरुण-तरुणी होते. बचावासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे न्यावी लागली. परवानगी घेतलेल्या गटाचा मार्ग, माणसे आणि परतीची वेळ वनविभागाला ठाऊक असते. वणव्याची खबर आली तर कोणाला कुठून बाहेर काढायचे, हे त्यावरूनच ठरते.

३. ऋतू
फेब्रुवारी ते एप्रिल गवत वाळलेले असते. आग चढावर वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात. त्याच सुमारास ताहरची पिल्ले जन्मतात. त्यामुळे या दिवसांत वाटा बंद ठेवल्या जातात. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये जवळच्या अव्हलांच येथे चोवीस तासांत ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. चेन्नईत वर्षभरात साधारण १,४०० मिलिमीटर पडतो, यावरून कल्पना करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पावसाने घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात. म्हणून डिसेंबर ते जानेवारीचा पूर्वार्ध सोयीचा. मात्र तेव्हा रात्री उदगमंडलमला दहिवर गोठते.

४. उंची
दर हजार मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते. चेन्नईत ३० अंश असताना २,२०० मीटरवरच्या उदगमंडलमला सुमारे १६ अंश असतील. मुकुर्तीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. समुद्रकिनारी सहज पाच किलोमीटर धावणाऱ्यालाही धाप लागते. रात्रीच्या निलगिरी एक्स्प्रेसने मेट्टुपालयम गाठावे, पुढे दातेरी रुळांच्या डोंगरी रेल्वेने किंवा बसने वर जावे आणि पहिला दिवस उदगमंडलमलाच राहावे. डोके दुखत असेल, मळमळत असेल तर वर जायचे नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचे.

५. वेळेचा हिशेब
स्कॉटिश गिर्यारोहक नायस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला नियम सोपा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट एका बाजूने ८ किलोमीटर आणि चढ ४५० मीटर.

चालणे: १ तास ३६ मिनिटे
चढ: ४५ मिनिटे
एकूण: २ तास २१ मिनिटे

हा हिशेब सराईत माणसाचा. गट नवखा, पाठीवर ओझे. म्हणून दीडपट धरा: साडेतीन तास. विश्रांती अर्धा तास. सकाळी ७ ला निघालात तर ११ वाजता पोहोचाल. परतीला उताराची वाट दीडपटीने सुमारे अडीच तास आणि विश्रांती अर्धा तास, म्हणजे तीन तास. परत फिरण्याची वेळ दुपारी १२ ठरवा. तेव्हा कुठेही असलात तरी फिरायचे, शिखर हाताच्या अंतरावर असले तरी. मग तीनपर्यंत तळावर याल आणि अंधार पडेपर्यंत तीन तास हाताशी राहतील. मुरगळलेला पाय, उतरलेले धुके, चुकलेली वाट यांसाठीच हे तास असतात. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. त्याला मागे नव्हे, पुढे ठेवावे.

६. साधने
लोकरी कपडे, पावसाळी कोट, शिटी, होकायंत्र, विजेरी, प्रथमोपचार पेटी, एक वेळचे जादा खाणे. पाणी धातूच्या बाटलीत. निलगिरीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे. रानात मोबाइलच्या संपर्कावर विसंबू नये. मार्ग, नावे आणि परतीची वेळ लिहिलेला कागद निदेशकांकडे व पालकांकडे द्यावा. ठरल्या वेळेनंतर किती थांबून कोणाला कळवायचे, हेही त्यावर असावे.

स्वाध्याय
१. वाट १० किलोमीटर व चढ ६०० मीटर असेल, तर नायस्मिथच्या नियमाने किती वेळ लागेल? नवख्या गटासाठी तो किती धराल?
२. १:५०,००० नकाशावर दोन ठिकाणांमधील अंतर १२ सेंटिमीटर आहे. जमिनीवर ते किती?
३. दुपारचे १२ वाजले आहेत, शिखर वीस मिनिटांवर आहे, आकाश निरभ्र आहे आणि सगळे पुढे जायला उत्सुक आहेत. गटप्रमुख म्हणून तुमचा आदेश काय, आणि तो गटाला कसा पटवाल? पाच ओळींत लिहा.