कार्तिक मेळ्याला प्रथमच जाताना

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी कार्तिकात मोठा मेळा भरतो. पौर्णिमेच्या आधी, देवउठनी एकादशीच्या सुमारास, तिथे गाढवे, खेचरे व घोडे विक्रीस येतात. सोबत्यांची चुकामूक झाल्यास टावर चौकात घड्याळाखाली भेटायचे, असे आधीच ठरवावे. चौक नदीपासून दूर आहे खरा, पण प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक असतो.

जनावर दिवसाउजेडी पाहावे. खालच्या जबड्याचे पुढचे सहाही दात पक्के असले, तर ते साधारण पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठे समजावे. मग नाकपुड्या पाहाव्यात. घट्ट चिकट शेंबूड, नाकात जखमा, कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास हातही लावू नये, किंमत कितीही कमी असो. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसालाही होतो व प्राण घेऊ शकतो. त्यावर लस नाही. रक्ततपासणीत रोग ठरला की जनावर कायद्याने मारावे लागते. तेव्हा विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागण्यात संकोच कसला?

(प्रभू जेरुसलेमात गेले ते याच जनावरावर बसून, आपण त्याच्यावर ओझे मात्र बेसुमार लादतो.)

घरी आणलेले जनावर काही आठवडे वेगळे बांधावे. त्याची पाण्याची बादलीही वेगळी ठेवावी.