तांबं सुटू द्यायचं नसेल तर

आधी तो स्टीलचा स्पॅट्युला ड्रॉवरमध्ये टाक आणि प्लॅस्टिकचा घे. १ गिगाबेकरेल कॉपर-६४ म्हणजे वजनाने जेमतेम ७ नॅनोग्रॅम तांबं. त्यात कुठून १ मायक्रोग्रॅम साधं तांबं शिरलं, तर किरणोत्सारी अणू एक आणि साधे शंभरावर असा मामला होतो, आणि किलेटर, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, काही चेहरा बघून आत घेत नाही. लोखंड, जस्तही रांगेत घुसतात. निकेलवर जास्त लक्ष ठेव. सायक्लोट्रॉनमध्ये कॉपर-६४ बनतं तेच मुळी निकेल-६४ वर प्रोटॉन मारून. बफर केलेक्स रेझिनमधून काढल्याशिवाय वापरायचा नाही, आणि आपली बाटली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. इथे भिडेखातर हो म्हणालीस की आठवडा गेला.

तुझ्या किलेटरचा लॉग के, म्हणजे स्थिरतेचा आकडा, २२ आला म्हणून लगेच पेढे वाटू नकोस. डोटा या नेहमीच्या किलेटरचाही साधारण तेवढाच आहे. तो आकडा समतोल कुठे आहे एवढंच सांगतो, तांबं किती लवकर निसटतं ते सांगत नाही. त्यासाठी थंड, म्हणजे साध्या तांब्याचं संयुग बनव, ५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ९० अंशांवर ठेव आणि रंग उतरतो कसा ते यूव्हीवर बघ. डोटा काही मिनिटांतच हात टेकतो. सीबी-टीई२ए, म्हणजे सायक्लॅमच्या वलयात आडवा पूल टाकलेला रेणू, अर्धा तुटायला १५४ तास घेतो. सोबत व्होल्टॅमेट्रीही कर. शरीरात तांबं दोनवरून एक विद्युतभारावर उतरलं की त्याला जुनं घर आवडेनासं होतं, ते तिथेच कळतं.

पण या पुलाची किंमत मोजावी लागते. सीबी-टीई२ए मध्ये प्रोटॉन इतके घट्ट बसलेले असतात की तांबं आत जायला ९५ अंशांपर्यंत तापवावं लागतं. पेप्टाइड ते सोसेल; अँटिबॉडी मात्र उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठेल. तेव्हा आधी कशाला जोडायचंय ते ठरव, मग रेणू काढायला बस. अँटिबॉडीसाठी नोटा-नोडागा किंवा कॅनबेराच्या सार्जसनांचे सार्कोफॅजीन पिंजरे बघ. हे खोलीच्या तापमानाला तांबं घेतात. माझं मत विचारशील तर पिंजरे, बनवताना घाम निघतो तरी.

लेबलिंगनंतर टीएलसीवर थेंब टाकण्याआधी जरासं ईडीटीए घाल. सैल चिकटलेलं तांबं त्याच्याकडे जाईल आणि ९९ टक्क्यांचा भ्रम उतरेल.

सीरममधल्या चाचणीवर कुणी खूश झालं तर होऊ दे. खरी परीक्षा यकृतात. टेटा या किलेटरने धरलेलं तांबं रॅटच्या यकृतात सुटून सुपरऑक्साइड डिसम्युटेजकडे गेलेलं सापडलंय. म्हणून १ तासाचं आणि २४ तासांचं यकृत शेजारी ठेवून वाच, क्षयाची दुरुस्ती करून. आकडा उतरला नाही, तर तांबं सुटून तिथे मुक्कामाला आलंय अशी शंका आधी घे.

यावर कुणीतरी डोटाटेट पुढे करणारच: २०२० मध्ये अमेरिकेत कॉपर-६४ डोटाटेटला मान्यता मिळाली, आणि किलेटर तोच कच्चा डोटा. खरं आहे. न्यूरोएंडोक्राइन गाठी त्याला भराभर ओढून घेतात आणि चित्र तासाभरात काढतात. तुझी अँटिबॉडी दोन दिवस रक्तात फिरणार आहे. अर्धायुष्य १२.७ तास, म्हणजे तोवर उरणार चौदाव्या भागाच्या आसपास. माल मागवतानाच हा हिशेब कर, आणि गुरुवारी मागवू नकोस. शनिवारी मोजायला तू एकटीच असशील.