सोयाबीनची गंजी व ताडपत्रीचा उपयोग

सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीनची काढणी सुरू होते आणि नेमका त्याच सुमारास परतीचा पाऊस गाठतो. मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत कापलेले पीक गंजी लावून ठेवावे लागते. मराठवाड्यात तिला बनीम म्हणतात. अशा वेळी साऱ्या हंगामाचे कष्ट एका ताडपत्रीखाली असतात.

ताडपत्री घेताना केवळ रंग व चकाकी पाहू नये. पॉलिथिनचा खरा शत्रू पाऊस नसून ऊन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. मग ताडपत्री ठिसूळ होते व घडीवर चिरते. हे लांबविण्यासाठी कारखान्यातच तीत किरणरोधक द्रव्य मिसळावे लागते. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विणलेल्या ताडपत्रीवर आय. एस. ७९०३ हा मानक क्रमांक आहे का, ते पाहावे. तसेच दुकानातच वजन करून घ्यावे. १८ × ३० फूट ताडपत्रीचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर भरते. दर चौरस मीटरला २०० ग्रॅम असे सांगितले असेल, तर तिचे वजन १० किलोच्या आसपास भरलेच पाहिजे.

परंतु उत्तम ताडपत्रीनेही नुकसान होऊ शकते, हे प्रस्तुत लेखकास अनुभवाने कळले. एका शेतकऱ्यास मी गंजी घट्ट झाकण्याचा सल्ला दिला. पीक ओले आहे की वाळलेले, हे विचारले नाही. आठ दिवसांनी ताडपत्री काढली, तेव्हा आतून वाफ आली आणि शेंगा काळ्या पडलेल्या होत्या. ओल्या पिकातील बाष्प रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूस गार होऊन थेंबरूपाने परत पिकावरच पडते. त्यात बुरशी वाढते व बियाण्याची उगवणशक्ती जाते.

म्हणून कापणीनंतर दोन-तीन दिवस पीक उन्हात वाळवावे. गंजीसाठी उंचवट्याची जागा निवडून भोवती चर काढावा आणि तळाशी पऱ्हाट्यांचा थर द्यावा. शेंगा आत व बुडखे बाहेर ठेवून माथा निमुळता करावा, म्हणजे पाणी साचत नाही. ताडपत्री जमिनीपर्यंत आणू नये. खाली वीतभर मोकळी ठेवावी. उघडीप मिळताच दुपारी ती काढून गंजीस वारा लागू द्यावा, आणि सायंकाळी ढग असोत वा नसोत, पुन्हा घालावी.

मळणीनंतर ताडपत्री धुऊन, सावलीत वाळवून, घडी न घालता गुंडाळून ठेवावी. गोठ्याच्या छपरावर ती वर्षभर पसरून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांना पुढच्या हंगामात नवी घ्यावी लागते.