मोटारीतला गॅस ‘संपतो’ कुठे?

मे महिन्यातली दुपार आहे. तुम्ही मोटारीने जालन्याहून अंबडला निघाला आहात. बाहेर रणरणते ऊन, आणि मोटारीतले एअर कंडिशनर गरम वारा फेकते आहे! “गॅस संपला असेल. बाजारातून डबा आणा आणि घरीच भरा,” असे कोणीतरी सुचवते. हा सल्ला योग्य आहे का, ते विज्ञानाच्या मदतीने तपासून पाहू या.

माठातले पाणी गार का होते, हे तुम्हाला माहीत आहेच. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्यातील उष्णता घेते. मोटारीतही हेच घडते. फक्त पाण्याऐवजी बहुतेक मोटारींत आर-१३४ए नावाचे द्रव्य असते. हवेच्या नेहमीच्या दाबाखाली ते उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते! डॅशबोर्डमागच्या नळ्यांत त्याची वाफ होते व आतली हवा गार होते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. मोटारीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि पुन्हा द्रव बनते. मग तेच चक्र पुन्हा सुरू होते.

माठातले पाणी उडून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. हे चक्र मात्र बंदिस्त आहे. यातला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो कमी झाला, याचा अर्थ तो गळला. रबरी नळ्यांतून तो वर्षानुवर्षे थोडा थोडा झिरपतो. पण एकाएकी कमी झाला, तर कुठेतरी जोड सैल झाला आहे किंवा जाळीला भोक पडले आहे. गळके भांडे भरून काय उपयोग?

दाबमापक फसवतो

“दाबमापक लावून पाहू की!” असे तुम्ही म्हणाल. पण बंद भांड्यात द्रव व त्याची वाफ एकत्र असतील, तर दाब ठरतो तो तापमानावर. इंजिन बंद असताना ४० अंशांना आर-१३४एचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट असतो. मग आत द्रव चमचाभर असो की अर्धा किलो! इंजिन चालू केल्यावरही हा दाब बाहेरच्या उन्हाप्रमाणे बदलत राहतो. म्हणून जाणता कारागीर उरलेला गॅस यंत्राने काढून घेतो, गळती बुजवतो, पंपाने आतली हवा व ओल खेचून काढतो आणि ठरलेला गॅस वजन करून भरतो. अंदाजाने जास्त भरला, तर दाब वाढून कॉम्प्रेसर बिघडू शकतो. डबा चुकून जास्त दाबाच्या बाजूला जोडला, तर तो फुटू शकतो. उडालेला द्रव त्वचेवर किंवा डोळ्यांत गेला, तर तेथील भाग क्षणात गोठतो.

आणखी एक गोष्ट. पूर्वी मोटारींत आर-१२ हा वायू असे. अशा वायूंमुळे ओझोनच्या थराला धोका आहे, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा वापर थांबत गेला. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो हजार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकवतो. गळक्या यंत्रणेत डबा रिता करणे म्हणजे तो हवेत सोडणेच!

करून पहा

घरी स्वयंपाकाच्या गॅसचा नवा सिलिंडर आला की तो काट्यावर तोलायला सांगा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. ते वजा करा. १४.२ किलो उरतात का? येथेही दाब न मोजता वजनच का करतात, याचे उत्तर आता तुम्हीच द्या.