बालकांचे हृदयरोपण : आजची स्थिती व पुढील वाट

हृदयरोग ही प्रौढांची व्याधी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः काही बालके सदोष हृदय घेऊनच जन्मास येतात, तर काहींच्या हृदयाचा स्नायू पुढे क्षीण होत जातो. जन्मजात दोषांपैकी पुष्कळसे औषधोपचाराने वा नेहमीच्या शस्त्रक्रियेने आटोक्यात येतात. ते उपाय थकले म्हणजेच रोपणाचा विचार होतो.

डॉ. बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे पहिले मानवी हृदयरोपण केले. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एका तान्ह्या मुलावर तोच प्रयोग झाला. मूल काही तासच जगले. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले रोपण केले. तो रुग्णही वाचला नाही. परके हृदय शरीराने नाकारू नये यासाठी सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० नंतर प्रचारात आले, तेव्हा कोठे या शस्त्रक्रियेस स्थैर्य लाभले. १९९४ साली अवयवरोपणाचा कायदा झाला व त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांस यश आले. मुंबईस मात्र २०१५ पर्यंत थांबावे लागले.

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरत येथील चौदा महिन्यांच्या बालकाचे हृदय मुंबईस आणून नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीस बसविण्यात आले. खरी अडचण येथेच आहे. हृदय लहान छातीत मावेल असेच हवे, आणि ते काढल्यापासून सुमारे चार तासांत बसवावे लागते. म्हणजे एका घरी आशा उगवावी, तर दुसऱ्या घरी मूल गमावलेल्या आईबापांनी त्याच घटकेस संमती द्यावयाची! कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाबाबत ती माता वा पिता देऊ शकतो. तत्पूर्वी डॉक्टरांचे मंडळ मेंदूमृत्यूची तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करते.

रोपणानंतर औषधे जन्मभर घ्यावी लागतात; खर्च व जंतुसंसर्गाचे भय सुटत नाही. तथापि नवे हृदय मुलाबरोबर वाढते. तान्हेपणी रोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वीस वर्षांपलीकडे जगतात, असे जागतिक नोंदी दर्शवितात. हृदय मिळेपर्यंत तग धरविणारे यांत्रिक पंप आता उपलब्ध आहेत. भिन्न रक्तगटाचे हृदयही अगदी लहान अर्भकास मानवू शकते.

धामनोदच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु मध्यप्रदेशाचाही समावेश असलेली विभागीय अवयवरोपण संस्था मुंबईच्या त्याच के. ई. एम. रुग्णालयात आहे. दूध पिताना दमणारे, ओठ निळे पडणारे वा खेळताना धापा टाकणारे मूल आढळल्यास पालकांनी व शिक्षकांनी ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास विनाविलंब दाखवावे. ही तपासणी विनामूल्य असते.