जमिनीखालचा दाब

एक सोपा प्रयोग करून पाहा. ओला स्पंज हातात दाबा. पाणी सहज बाहेर येते. आता तोच ओला स्पंज प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड घट्ट बांधा आणि दाबा. पाण्याला वाट मिळत नाही, म्हणून तुमच्या हाताचा भार पाणीच पेलते. पिशवीला टाचणी टोचलीत तर चिळकांडी उडेल! जमिनीच्या पोटातही असेच घडते.

गोदावरी नदी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या व कृष्णेच्या मुखांजवळच्या प्रदेशात कोट्यवधी वर्षांपासून गाळ साचत आला आहे. थरावर थर बसले आणि त्यांचे खडक झाले. वाळूच्या थरांतील छिद्रे मोठी असतात. त्यांतून पाणी निघून जाते. चिकणमातीच्या थरांतील छिद्रे मात्र अतिशय बारीक असतात. वरून गाळ भराभर पडला, की त्यांतील पाणी आतच कोंडते आणि वरच्या खडकांचा भार पेलू लागते. गाळात गाडलेल्या जीवांच्या अवशेषांपासून उष्णतेमुळे वायू तयार होतो. त्यामुळे दाब आणखी वाढतो. यालाच अतिदाब म्हणतात.

पाण्यात दर 10 मीटर खोलीला हवेच्या दाबाइतका दाब वाढतो. म्हणजे 3000 मीटर खोलीवर तो सुमारे 300 पट असतो. अतिदाबाच्या थरात तो 500 पटींहूनही अधिक असू शकतो.

हा दाब वायूला ढकलतो. जास्त दाबाच्या चिकणमातीतून वायू शेजारच्या कमी दाबाच्या वालुकाश्मात शिरतो. वर पुन्हा चिकणमातीचा अतिदाबाचा थर असेल, तर तो पहारेकऱ्यासारखा वायूला अडवतो आणि साठा तयार होतो. पण दाब फारच वाढला तर पहारेकरीच फुटतो. खडकाला भेगा पडतात आणि वायू निसटून जातो. म्हणजे दाब वायू साठवतोही आणि घालवतोही.

वायूसाठी विहीर खणणाऱ्यांना हे ठाऊक असावेच लागते. ते विहिरीत बॅराइट नावाच्या जड खनिजाची पूड मिसळलेला चिखल भरतात. त्याच्या वजनाने वायू खालीच राहतो. हा तोल सुटला तर काय होते? 8 जानेवारी 1995 रोजी आंध्र प्रदेशात पासर्लापुडी येथील विहिरीतून वायू उसळला आणि पेटला. आसपासच्या गावांतील लोकांना घरे सोडावी लागली. ती आग 65 दिवस जळत होती.

तुमच्या घरी गॅसची शेगडी पेटते, तेव्हा या खोल दाबाची आठवण ठेवा. निसर्गाची शक्ती ओळखूनच तिचा उपयोग करता येतो.

स्वाध्याय
1. चिकणमातीच्या थरात पाणी का कोंडते?
2. चिकणमातीच्या थराला पहारेकरी का म्हटले आहे?
3. विहिरीत जड चिखल का भरतात?